पिकेलहाउबवरचा गरुड मूळचा की नंतर बसवलेला? जुन्या जर्मन शिरस्त्राणांवरची चिन्हं कशी ओळखायची

नेकरकाठी

नमस्कार मंडळी. इथे जुन्या शस्त्रांचा आणि लष्करी वस्तूंचा अभ्यास असलेले बरेच जण आहेत, म्हणून नवा धागा काढतोय. श्टुटगार्टजवळच्या एका गावात जुन्या वस्तूंचा बाजार भरतो. तिथे एक पिकेलहाउब दिसलं, म्हणजे काळ्या चामड्याचं, डोक्यावर धातूचं टोक असलेलं ते जुनं जर्मन शिरस्त्राण. विक्रेत्याचं म्हणणं, "प्रशियन अधिकाऱ्याचं आहे, सगळे भाग मूळचे." किंमतही अधिकाऱ्याच्या हेल्मेटची सांगतोय. पुढच्या बाजारापर्यंत माझ्यासाठी बाजूला ठेवतो म्हणाला.

मी हातात घेऊन नीट पाहिलं आणि जे दिसलं ते टिपून आणलं:

पुढे पितळी गरुड. छातीवर एफ आर ही जोडअक्षरं, पंखांवर पट्टी आणि त्यावर "मिट गॉट फ्यूर क्योनिग उंड फाटरलांट", म्हणजे देवासह, राजासाठी आणि पितृभूमीसाठी. गरुडाच्या डोक्यावरचा मुकुट भरीव आहे. उजव्या कानाशी काळा-पांढरा-लाल कोकार्ड, म्हणजे रंगीत गोल चकती, डाव्या कानाशी काळा-पांढरा-काळा. टोकाची बैठक गोल, तिच्यावर चार घुमटाकार खिळे. हनुवटीचा पट्टा साध्या चामड्याचा. आत मानेकडच्या बाजूला पुसट शिक्का आहे: "बी.ए.", पुढे रोमन अंकांत तेरा, खाली १९०९. अस्तर उचलून पाहिलं तर गरुडाच्या मागे चार भोकं दिसली. दोन भोकांतून स्क्रू आले आहेत आणि त्यांना नट लावलेत. उरलेली दोन रिकामी.

घ्यावं का? आणि हे खरंच अधिकाऱ्याचं आहे का?

तोफखाना

फार बारकाईनं पाहिलंत, त्यामुळे उत्तर देणं सोपं झालं. पुढचा बिल्ला हा पिकेलहाउबचा सर्वांत सहज बदलता येणारा भाग आहे, आणि विक्रेते बोट ठेवतात ते नेमकं त्याच्यावर. म्हणून वाचन आतून सुरू करावं. आधी शिक्का, मग भोकं, मग टोक आणि पट्टा, मग कोकार्ड आणि सगळ्यांत शेवटी बिल्ला.

शिक्क्यापासून सुरू करतो. "बी.ए." म्हणजे बेक्लायडुंग्सआम्ट, सैन्याच्या कोअरचं, म्हणजे अनेक रेजिमेंट्सच्या मोठ्या दलाचं, कपडे आणि सामानाचं कोठार. रोमन आकडा कोअरचा, खालचं साल कोठारात दाखल झाल्याचं. तेरावी कोअर म्हणजे राजेशाही व्युर्टेम्बेर्गची कोअर आणि तिचं मुख्यालय श्टुटगार्टलाच होतं. म्हणजे हे हेल्मेट तुम्ही पाहिलंत त्याच भागात १९०९ मध्ये कोणा शिपायाला मिळालं असणार. चौदावी असती तर बाडेन. बारावी आणि एकोणिसावी या सॅक्सनीच्या.

या शिक्क्यावरून दोन निष्कर्ष निघतात. पहिला, हे अधिकाऱ्याचं हेल्मेट नाही. अधिकारी आपलं हेल्मेट स्वतःच्या पैशांनी दुकानातून घेत. कोठाराचा शिक्का असतो तो सरकारी, शिपायांना वाटलेल्या हेल्मेटवर. टोकाच्या बैठकीवरचे घुमटाकार खिळेही तेच सांगतात, कारण अधिकाऱ्यांच्या बैठकीवर त्या जागी छोट्या चांदण्या असतात. दुसरा, व्युर्टेम्बेर्गच्या शिपायाच्या डोक्यावर प्रशियाचा गरुड आला कुठून? त्याच्या बिल्ल्यावर व्युर्टेम्बेर्गचं राजचिन्ह हवं. एका बाजूला सिंह, दुसऱ्या बाजूला सांबर, मधे ढाल आणि खाली "फुर्ख्टलोस उंड ट्रॉय" म्हणजे निर्भय आणि एकनिष्ठ. डावा कोकार्डही काळा-लाल-काळा हवा.

आता भोकं. शिपायांच्या बिल्ल्याला मागे पितळी कड्या डाखलेल्या असतात. त्या भोकांतून आत येतात आणि त्यांत चामड्याची पाचर सारून बिल्ला घट्ट बसवतात. स्क्रू आणि नट अधिकाऱ्यांच्या बिल्ल्याला असतात, शिवाय खासगी विकत घेतलेल्या चांगल्या हेल्मेटवरही सापडतात. पण अधिकाऱ्यांच्या गरुडाचा मुकुट जाळीदार, आरपार कापलेला असतो आणि मुलामा झळझळीत असतो. तुमच्या गरुडाचा मुकुट भरीव आहे. सरकारी शिक्का, शिपायाचं टोक, भरीव मुकुट आणि स्क्रू हे सगळं एकत्र जुळत नाही.

रिकाम्या दोन भोकांच्या कडा पाहा. जुन्या भोकाची कड काळवंडलेली आणि गोलसर झिजलेली असते. नव्या भोकाच्या कडेला आतलं चामडं फिकट, तांबूस दिसतं. शक्य असेल तर तिरपा उजेड टाकून गरुडाच्या बाहेरच्या कडेचं रोगण बघा. शंभर वर्षं बिल्ल्याखाली झाकलेलं रोगण आणि उघडं राहिलेलं रोगण यांची चमक वेगळी असते. जुन्या बिल्ल्याची आकृती कधीकधी तशीच उमटलेली सापडते.

मीनल_स

वा! तोफखाना, नवशिक्यांसाठी थोडं मागे जाऊन सांगाल का? मला वाटायचं की पिकेलहाउब म्हणजे प्रशियाचंच. प्रत्येक राज्याचं वेगळं होतं का?

तोफखाना

सुरुवात प्रशियाचीच. राजा चौथा फ्रीडरिश विल्हेल्म यानं १८४२ मध्ये ते पायदळासाठी आणलं. पहिलं फार उंच होतं, पुढे सुधारणा होत होत बुटकं झालं. १८७१ मध्ये जर्मन साम्राज्य झालं तरी बव्हेरिया, सॅक्सनी आणि व्युर्टेम्बेर्ग यांचे राजे आपापल्या जागी राहिले आणि त्यांच्या सैन्यांनी आपली ओळख जपली. हेल्मेटचा साचा जवळपास एक, पण बिल्ला आणि डावा कोकार्ड आपापल्या राज्याचा. एकाच मोहिमेत एकाच सेनापतीखाली लढणाऱ्या दोन शिपायांच्या कपाळावर दोन वेगळे राजे असत. ही चिन्हं ओळखायला शिकलं की त्या साम्राज्याची घडणच समजते. मला या विषयाची ओढ लागली ती त्यामुळेच.

साधारण खुणा अशा: सॅक्सनीला आठ टोकांच्या चांदणीवर राजचिन्ह, कोकार्ड पांढरा-हिरवा-पांढरा. बाडेनला ग्रिफिन म्हणजे गरुडाचं डोकं असलेला सिंह, कोकार्ड पिवळा-लाल-पिवळा. हेसनला हातात तलवार घेतलेला सिंह. प्रशियाच्या गार्ड रेजिमेंटच्या गरुडावर छातीशी चांदणी असते, साध्या रेजिमेंटला एफ आर, म्हणजे फ्रीडेरिकुस रेक्स. बव्हेरियाबद्दल इसारतीर सांगतील, त्यांचा तो खास प्रांत.

इसारतीर

आवाज दिलात म्हणून आलो. :)

बव्हेरियानं बरीच वर्षं टोकवालं हेल्मेट स्वीकारलंच नाही. तिथला शिपाई राउपेनहेल्म घालायचा. त्यावर पुढून मागे जाणारा काळा केसाळ तुरा असे. पिकेलहाउब तिथे आलं १८८६ मध्ये. म्हणून कुणी "१८७०च्या युद्धातलं बव्हेरियन पिकेलहाउब" विकायला आणलं तर पुढे काही बघायची गरज नाही.

बव्हेरियाच्या बिल्ल्यावर राजचिन्ह धरलेले दोन सिंह आणि "इन ट्रॉये फेस्ट", म्हणजे निष्ठेत अढळ. डावा कोकार्ड पांढरा-निळा-पांढरा. हे सगळं प्रत्यक्ष बघायचं असेल तर इंगोलश्टाटच्या बव्हेरियन सैन्य संग्रहालयात जा. नेकरकाठी, तुम्हाला जवळ पडेल ते राश्टाटच्या राजवाड्यातलं लष्करी इतिहासाचं संग्रहालय. त्याचा भर बाडेन आणि व्युर्टेम्बेर्गवर आहे. काचेआडचा अस्सल बिल्ला बघून मगच बाजारात जावं. फोटोवरून अक्षरांची धार कळत नाही.

काळाचौथरा

कोकार्डच्या तारखेचा मुद्दा राहिला. काळा-पांढरा-लाल कोकार्ड साऱ्या साम्राज्याचा. तो २२ मार्च १८९७ रोजी, सम्राट पहिल्या विल्हेल्मच्या जन्मशताब्दीला, सगळ्या सैन्यात लागू झाला आणि उजवीकडे बसला. त्याआधी उजवीकडे राज्याचा कोकार्ड असे, तो मग डावीकडे गेला. जुनी हेल्मेटं वापरात होती, त्यामुळे त्यांनाही नवा कोकार्ड लागला. म्हणजे आधीच्या मॉडेलवर दोन कोकार्ड असणं चूक नाही. पण "१८९५चं, कधीच न बदललेलं" असं सांगून दोन कोकार्डवालं हेल्मेट कुणी पुढे केलं तर त्या दोन गोष्टी एकत्र खऱ्या असू शकत नाहीत.

हनुवटीच्या पट्ट्याचंही तसंच. पायदळाच्या शिपायांचे पितळी खवल्यांचे पट्टे १८८७ मध्ये जाऊन साधं चामडं आलं. १८९१ मध्ये पट्टा अडकवायची बाजूची बोंडं बदलली, त्यांना संग्राहक "९१चं बटण" म्हणतात. कोकार्ड त्याच बोंडावर बसतो. नेकरकाठींच्या १९०९च्या हेल्मेटला चामड्याचा पट्टा आहे, तेवढं जुळतंय.

मीनल_स

म्हणजे बिल्ला एका राज्याचा आणि कोकार्ड दुसऱ्याचा असेल तर वस्तू बनावट, असं समजायचं का?

काळाचौथरा

नाही, तेवढी घाई करू नका. हाम्बुर्ग, ब्रेमेन आणि ल्युबेक या व्यापारी नगरराज्यांचं उदाहरण घ्या. त्यांच्या रेजिमेंट्स प्रशियाच्या सैन्यात होत्या: ब्रेमेनची ७५वी, हाम्बुर्गची ७६वी, ल्युबेकची १६२वी. बिल्ला प्रशियाचा गरुड, पण डावा कोकार्ड पांढऱ्यावर लाल क्रूस. हे विसंगत दिसतं, पण तेच बरोबर आहे. अशा हेल्मेटवर कुणीतरी "दुरुस्ती" म्हणून काळा-पांढरा कोकार्ड लावला तर खरी वस्तू बिघडली. म्हणून कोठाराच्या शिक्क्याबरोबर रेजिमेंटचा शिक्का सापडतो का ते बघावं. नेकरकाठी, तेही शोधा. व्युर्टेम्बेर्गच्या पायदळाचे आकडे ११९ ते १२७ आणि १८०.

नेकरकाठी

सगळ्यांचे मनापासून आभार. तुम्ही सांगितलेलं लिहून घेऊन परत गेलो होतो. विक्रेत्यानं टॉर्च लावून बघू दिलं.

रिकाम्या भोकांच्या कडा काळ्या आणि झिजलेल्या आहेत. स्क्रूच्या भोकांच्या कडा स्वच्छ, तांबूस. पंखाखालून रोगणात एक गोलसर रेघ डोकावते, ती गरुडाच्या आकाराशी जुळत नाही. आणि शिक्क्याच्या शेजारी, अस्तराच्या टाक्यांत दडलेला, आणखी एक शिक्का मिळाला: "आय.आर. १२१".

तोफखाना

मग चित्र स्पष्ट आहे. १२१वी पायदळ रेजिमेंट व्युर्टेम्बेर्गचीच, तिचा तळ लुडविग्सबुर्गला होता, श्टुटगार्टच्या अगदी शेजारी. सिंह आणि सांबराचा मूळ बिल्ला कुणीतरी काढून वेगळा विकला असणार, कारण व्युर्टेम्बेर्गचे बिल्ले प्रशियाच्या गरुडापेक्षा दुर्मिळ आणि महाग. मग मोकळ्या जागी सहज मिळणारा गरुड बसवला आणि डावा कोकार्डही त्याला शोभेल असा लावला.

गरुड जुना की नवा हे कळायला तो उलटा करून बघावा लागेल. जुना बिल्ला पत्र्यावर ठसा मारून केलेला असतो, त्यामुळे पिसांची प्रत्येक रेघ मागच्या बाजूला खोलगट उमटते. ओतीव नकलेची पाठ सपाट किंवा दाणेदार असते आणि अक्षरांच्या कडा गोलाव्यात विरघळल्यासारख्या दिसतात. विक्रेत्यानं नट सोडू दिले तर बघाच.

किंमत मात्र अधिकाऱ्याच्या हेल्मेटची देऊ नका. चामडं आणि शिक्के मोलाचे आहेत, तेवढ्याचीच बोलणी करा.

इसारतीर

सहमत. लढाईच्या नावांच्या पट्ट्यांचं असंच होतं. ९व्या ग्रेनेडियर रेजिमेंटच्या गरुडावर "कोल्बेर्ग १८०७" अशी पट्टी असते. जुन्या हानोव्हर राज्याच्या काही रेजिमेंट्सना १८९९ मध्ये "वॉटरलू", "पेनिन्सुला" अशी नावं मिळाली, कारण त्यांचे पूर्वज वेलिंग्टनबरोबर लढले होते. असईच्या लढाईत शिंदे-भोसल्यांसमोर उभा होता तोच हा वेलिंग्टन, तेव्हाचा आर्थर वेलस्ली. अशा पट्टीनं किंमत चढते, म्हणून साध्या गरुडावर पट्टी जोडून विकतात. पट्टी पत्र्यातच ठसवलेली आहे की वरून डाखली आहे, एवढं पाहिलं तरी पुरतं.

नेकरकाठी

घेतलं! कवच आणि टोक याच्या हिशेबानं, अधिकाऱ्याच्या किमतीच्या बऱ्याच खाली. गरुड सोडवून पाहिला. पाठीवर पिसं उमटलेली आहेत, म्हणजे ठशाचाच आहे.

आता पुढचा प्रश्न. व्युर्टेम्बेर्गचा खरा जुना बिल्ला आणि काळा-लाल-काळा कोकार्ड शोधून यावर बसवू का? मूळ भोकं आहेतच.

काळाचौथरा

माझं मत, बसवा. १२१व्या रेजिमेंटच्या हेल्मेटवर प्रशियाचा गरुड ठेवणं हे खोटं आहे आणि तुम्ही ते खोटं काढून टाकताय. मूळ भोकांत कड्यांचा बिल्ला बसला तर तो एक पुरावाच झाला.

तोफखाना

इथे माझा विरोध आहे. दुसऱ्या हेल्मेटवरचा बिल्ला यावर आला की पंचवीस वर्षांनी कोणीतरी त्याला "सगळे भाग मूळचे" म्हणून विकेल, आणि त्या वेळी भोकंही साक्ष देतील. आज निदान विसंगती उघड दिसते. तुमच्या हातून ती कायमची झाकली जाईल.

काळाचौथरा

तुमची भीती खरी आहे, पण उपाय अवघड नाही. बदलाआधीचे फोटो, काय काढलं, काय लावलं, कधी लावलं, हे एका कागदावर लिहून तो कागद अस्तराखाली ठेवायचा. गरुडही वेगळ्या पाकिटात हेल्मेटबरोबरच ठेवायचा. संग्रहालयं जोडलेल्या भागांची नोंद ठेवतात ती अशीच.

तोफखाना

कागद हेल्मेटबरोबर राहिला तर मान्य. माझा अनुभव असा की पहिल्या विक्रीतच कागद गळतो. पण वस्तू नेकरकाठींची आहे. मी असतो तर गरुड काढून, भोकं तशीच उघडी ठेवून, बिल्ल्याविना ठेवलं असतं. रोगणावरची ती गोलसर रेघ दिसायला हवी.

आणि काहीही केलंत तरी पितळ घासू नका. पितांबरी, चिंच, लिंबू काहीच नको. शंभर वर्षांचा रंग एकदा उतरला की तारीख ओळखायचा एक मार्ग गेला. चामड्याला तेलही लावू नका, रोगण सुटतं.

वाईकर

धागा वाचून धीर आला म्हणून लिहितोय. आमचे आजोबा मराठा लाइट इन्फन्ट्रीत होते. दुसऱ्या महायुद्धात इटलीत होते आणि येताना एक जर्मन पोलादी हेल्मेट घेऊन आले. ते माळ्यावर आहे. काठ आत वळवलेला नाही, तसाच कापलेला. आत डाव्या बाजूला "सी के एल ६६" असा ठसा. बाहेर कुठलंही चिन्ह नाही. एका ओळखीच्या संग्राहकानं सांगितलं की चिन्ह नसेल तर किंमत नाही, आणि तो दोन्ही बाजूंना डिकॅल, म्हणजे चिकटवायचं छापील चिन्ह, लावून द्यायला तयार आहे. काय करू?

तोफखाना

कृपा करून काहीही लावू देऊ नका! तुमचं हेल्मेट जसं आहे तसंच बरोबर आहे. कारण सांगतो.

पोलादी हेल्मेटची मूळ रचना फ्रीडरिश श्वेर्ड यांची, १९१६ची. दुसऱ्या महायुद्धात मुख्यतः तीन मॉडेल होती. १९३५च्या मॉडेलला हवेच्या भोकांत वेगळी नळी बसवलेली असते. १९४०च्या मॉडेलमध्ये ते भोक कवचातच ठसवून केलेलं असतं. १९४२च्या मॉडेलचा काठ वळवायचं सोडून दिलं, कारण तेवढे श्रम आणि वेळ वाचला. तुमचं हे शेवटचं. "सी के एल" हा हार्त्स डोंगराशेजारच्या थालं गावच्या कारखान्याचा नंतरचा संकेत, आधी तिथे "ई टी" ठसवत. ६६ हा कवचाचा आकार.

आता चिन्हांचा इतिहास. पायदळाच्या हेल्मेटवर आधी दोन डिकॅल असत. उजवीकडे काळी-पांढरी-लाल ढाल, डावीकडे काळ्या ढालीवर गरुड. २१ मार्च १९४०च्या आदेशानं उजवी ढाल काढली. २८ ऑगस्ट १९४३च्या आदेशानं गरुडही लावणं थांबलं. म्हणजे १९४२चं मॉडेल आणि उजवीकडे तिरंगी ढाल ही जोडी कारखान्यातून निघणं शक्यच नाही. तो संग्राहक तुमच्या आजोबांचं खरं हेल्मेट बनावट करून ठेवणार आहे. इटलीच्या मोहिमेत १९४४–४५ मध्ये चिन्ह नसलेलं हेल्मेट सापडणं अगदी स्वाभाविक.

काळाचौथरा

वाईकर, यात एक भर. ज्यांना डिकॅल असलेलं हेल्मेट कुणी विकायला आणतं त्यांच्यासाठीही हे उपयोगी आहे. अंधारात अतिनील दिवा धरा. युद्धानंतरच्या कापड-कागदात आणि धाग्यात चमक आणणारी रसायनं असतात, ती निळसर पांढरी लकाकतात. अस्तराचा किंवा पट्ट्याचा शिवणधागा लकाकला तर तो नंतरचा. जुन्या डिकॅलचं रोगण पिवळट होऊन बारीक तडकलेलं असतं आणि ओरखडा असेल तर तो डिकॅल आणि रंग दोन्हींतून एकसारखा जातो. ओरखडलेल्या रंगावर अख्खं डिकॅल बसलेलं दिसलं की समजावं.

मीनल_स

एक विचारायचं राहिलं. त्या गरुडाच्या पायात नाझी स्वस्तिक असतं ना? जर्मनीत अशी वस्तू बाळगणं गुन्हा आहे का?

इसारतीर

घरात असणं गुन्हा नाही, जाहीर दाखवणं आहे. इथल्या दंडसंहितेचं कलम ८६-अ नाझी चिन्हांच्या सार्वजनिक प्रदर्शनाला बंदी घालतं. इतिहास, शिक्षण, संशोधन यांना सूट आहे. म्हणून इथल्या बाजारात आणि लिलावाच्या फोटोंत त्या चिन्हावर चिकटपट्टी लावलेली दिसेल. मला तो कायदा योग्य वाटतो. या वस्तूंचा अभ्यास व्हावा, पण त्या मिरवू नयेत. पिकेलहाउबला हे कलम लागत नाही, ते त्या राजवटीच्या आधीचं.

वाईकर

आईला वाचून दाखवलं. डिकॅलचा विषय आजच संपवला, त्या गृहस्थांना नको म्हणून कळवलं.

आजोबा नेमक्या कुठल्या बटालियनमध्ये होते ते घरात कुणाला ठाऊक नाही. त्यांच्या पेन्शनच्या कागदांवर काहीतरी आकडे आहेत.

तोफखाना

ते आकडे आधी इथे टाका, मात्र नाव आणि पेन्शन क्रमांक झाकून. इटलीत मराठ्यांच्या एकाहून अधिक बटालियन होत्या. टायबरच्या वरच्या खोऱ्यात १० जुलै १९४४ रोजी यशवंत घाडगे यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळवून देणारी झुंज झाली, ती तिसऱ्या बटालियनची. सेनिओ नदीवर ९ एप्रिल १९४५ रोजी नामदेव जाधव यांनी व्हिक्टोरिया क्रॉस मिळवला, ती पहिली. बटालियन कळली की हेल्मेट कुठल्या भागात हाती आलं असेल याचा अंदाज बांधता येईल. मग बेळगावच्या मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या केंद्राला पत्र लिहू. मसुद्याला मी मदत करतो.

आणि हेल्मेटच्या आत मागच्या बाजूला एक छोटा आकडाही ठसवलेला असतो, कारखान्यातल्या खेपेचा. धूळ कोरड्या कापडानं पुसून तो वाचा. पाणी लावू नका.

वाईकर

रविवारी माळ्यावरून काढतो. खेपेचा आकडा आणि कागदांवरचे आकडे दोन्ही इथेच टाकतो.